हंडीभर पाणी

गाडी पाहायला मूल गावी येताना मैनाबाईनं घरून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची हंडी आणली. ती काठोकाठ भरून मांडीत घेतली आणि पांढऱ्या गाडीत मागं बसली.

"काकी, गाडी पाहाले आल्या का पानी भराले?" गाडी विकणारा मुखरू म्हणाला.

"तू गाडीचं पाह्य. पान्याचं मले समजते."

ढिवराच्या घरात मासोळीचं बीज, बारीक पिल्लं, हंडीतच नेतात. पाणी सांडलं की बीजही रस्त्यावर. मैनाबाईनं चाळीस वर्षं तलावापर्यंत बीज वाहिलं होतं. आता सून पायलला आठवा लागला होता. चंद्रपूरचा दवाखाना जंगलापल्याड. मागल्या खेपेस याच रस्त्यावर, भाड्याच्या जीपमध्ये आदळआपट होऊन लेकरू गेलं. म्हणून यंदा घरची गाडी. मुखरूकडं दोनच होत्या, दोन्ही जुन्या.

तिचा लेक देवानंदनं पांढरी हाकली. सरळ रस्त्यावर तिनं एका दमात ट्रक मागं टाकला.

"पाह्य माय, कशी उचलते."

वळणावर गाडीचं मागचं अंग बाहेर फेकल्यासारखं झालं आणि अर्धी हंडी मैनाबाईच्या लुगड्यावर आली. तेवढ्यात समोरून चितळ आडवं गेलं. देवानंदनं ब्रेक दाबला तशी गाडी डावीकडं ओढली गेली. सागाचं खोड खिडकीपासून हातभर राहिलं.

"उचलते तं खरंच," मैनाबाई म्हणाली. "तिरडीवानी."

परत येऊन तिनं हंडी पुन्हा भरली आणि राखाडी गाडीत बसली. हिचा गियर अडायचा, चढावर घरघरायची. ट्रॅक्टरसुद्धा मागं पडेना.

"हे तं बैलगाडी हाये," देवानंद चिडला. "कळा सुरू झाल्या तं कवा पोचन हे?"

तेच वळण आलं. राखाडी रस्त्याला चिकटून वळली.

"आता दाब ब्रेक."

"मांगं कोनी असन तं?"

"मी पाह्यलं. दाब."

गाडी सरळ नाकासमोर थांबली. पाणी काठावर चढलं, मैनाबाईची बोटं भिजवून गेलं आणि खाली बसलं.

"हेच घेऊ," ती म्हणाली.

"अन् जलदीचं काय, माय?"

ती हंडीतच पाहत राहिली. "मागल्या खेपी दोन जीपा उभ्या होत्या. पायल म्हने, इसरूभाऊची घेऊ, तो सांभाळून नेते. मीच म्हनलं, त्याची कासव हाये. जलदीवाली मीच बलावली."

देवानंदनं आरशातून पाहिलं. ही गोष्ट त्याला कुणीच सांगितली नव्हती. पायलनंही नाही. दोन वर्षं तो त्या जीपवाल्याला शिव्या देत आला होता.

"तिले कवा म्हनलं का तू, माह्यं चुकलं मनून?"

"नाई."

देवानंदनं गियर टाकला, पण नजर आरशातच होती.

"आज म्हनीन," मैनाबाई म्हणाली. "तू रस्त्यावर पाह्य."