आधी रडू द्या

मी टिश्यूचा डबा बोलतोय. हसू नका! पुठ्ठ्याचा नाही मी, चांगला लाकडी आहे. कॉलेजची दारं बसवून झाल्यावर सुताराने उरलेल्या फळीतून मला घडवलं.

समुपदेशनाच्या एम.ए.च्या वर्गाला लागून एक छोटी खोली आहे. दोन खुर्च्या, मध्ये तिपाई, तिपाईवर मी. इथे विद्यार्थी खऱ्या माणसांचं दुखणं ऐकायला शिकतात आणि मॅडम काचेपलीकडून बघतात. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा नियम डब्यालाही लागू. तेव्हा माझ्याकडून काही काढून घ्यायला बघू नका.

आमच्या वर्गात एक सिस्टर होती. अर्धं आयुष्य वॉर्डात काढून, मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर शिकायला आलेली. जीव लावणारी बाई, पण हाताला धीर नाही. समोरच्याचे डोळे भरले रे भरले, की मला उचलून थेट त्याच्या नाकाखाली! रक्त दिसलं की कापूस दाबायचा, तसंच. माणूस ओशाळून म्हणायचा, "माफ करा हं, उगाच आपलं..." झालं! मनातलं मनातच राहायचं.

यापायीच ती शेवटच्या प्रात्यक्षिकात नापास झाली. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली असती तर परत वॉर्ड.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, डबा पुढे केला की माणसाला वाटतं, पुरे झालं रडणं. हा घरी न्या आणि हात आवरायची सवय करा."

घरी माझी चंगळच झाली. मुलगी कांदा चिरताना मला समोर ठेवायची. "आई, बघ, मी रडतेय. हात मागे!"

सासूबाई वैतागायच्या. "अगं, पोरगी रडतेय आणि तू ढिम्म बसलीयेस?"

"अभ्यास चाललाय माझा!"

परीक्षेच्या दिवशी एक आजोबा आले. कशासाठी, ते विचारू नका. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले आणि सिस्टरचा हात निघालाच. बोटं माझ्या अंगाला लागली. म्हटलं, गेली ही! पण बोटं थबकली, मागे फिरली आणि मांडीवर एकमेकांत घट्ट अडकून बसली. आजोबा पोटभर रडले. ती नुसती त्यांच्याजवळ बसून राहिली. शेवटी त्यांनीच हात लांबवून एक टिश्यू ओढला.

"खरं सांगू का, पोरी..." ते म्हणाले. आणि जे सांगायला आले होते, ते तेव्हा कुठे सांगायला लागले. मला तर हुश्श झालं.

आजोबा गेल्यावर मॅडम आत आल्या. "पास."

सिस्टर मटकन खुर्चीत बसली आणि घळाघळा रडायला लागली. मॅडमनी मला उचललं आणि छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मॅडम, आता तरी द्या ना तो डबा!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मॅडमनी मला तिलाच देऊन टाकलं.

आज मी सिस्टरच्या स्वतःच्या समुपदेशनाच्या खोलीत आहे. तिच्या हातापासून लांब, येणाऱ्याच्या हाताशी. कडा झिजल्यात, पण मजेत आहे. तुमच्याकडे कुणी रडलं, तर लगेच डोळे पुसायला धावू नका. रडू द्या थोडं. मी कुठे पळून चाललोय?