पाचवा डाव

आमच्या खालच्या घरातल्या साळूबाई डोक्यावर परात धरून अंगणात पळाल्या तेव्हा मी भाकरी थापत होते आणि आमच्या यांचा पहिलाच डाव चालू होता. गॅलरीतून वाकून बघितलं तर सगळी चाळ पावसात उभी. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात मोबाइल. मधोमध साळूबाई, परात अजून डोक्यावर.

"मंगल, खाली ये गं," त्या वर बघून म्हणाल्या. "हलतंय. लय हलतंय."

मी आत वळले. पुढच्या खोलीत आमचे केरबा, वय वर्षं सत्तावन्न, कॉलनीच्या पाणीपुरवठ्याचे पंप ऑपरेटर, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर जागच्या जागी सायकल हाणत होते. मागचं चाक लोखंडी रोलरवर, आणि रोलरसकट जमीन दणदण हलत होती.

"अहो, थांबा आता. चाळ बाहेर पडलीय तुमच्यामुळं."

त्यांनी नुसता हात हलवला. चार मिनिटं पुरी व्हायला अजून दीड मिनिट होतं ना.

याचं मूळ गेल्या वर्षीच्या शर्यतीत आहे. घाटातल्या कच्च्या रस्त्यानं डोंगर चढायची सायकल शर्यत असते. ठरल्या वेळेत जो वर पोचत नाही, त्याला मागून येणारा टेम्पो उचलतो. यांना उचललं. केळ्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसवलं, सायकल मांडीवर दिली, आणि ड्रायव्हरनं विचारलं, "काका, कुठं सोडू?" तीस वर्षं कॉलनीला पाणी पाजलेला माणूस, त्या रात्री जेवला नाही. येत्या मार्चला रिटायरमेंट, मग क्वार्टर सोडून गावाकडं. म्हणजे हा घाट चढायची ही शेवटची खेप.

शर्यत ऑक्टोबरात, आणि त्याआधी चार महिने इथं असा पाऊस की सायकल काय, कुत्रं बाहेर पडत नाही. मग पुण्याहून आमच्या शिवांजलीनं फोनवर तोडगा सांगितला. घरातच चार मिनिटं जीव तोडून हाणायचं, तीन मिनिटं दम खायचा. असे पाच डाव.

"जोरात म्हंजी किती जोरात?" यांनी विचारलं.

"तोंडातून शब्द फुटता कामा नये, बाबा."

ही अट ऐकली आणि मी लगेच परवानगी देऊन टाकली. रोलर यांनी भंगारातली बेअरिंगं घालून स्वतःच जोडला. एक बेअरिंग कुठंतरी सूतभर वाकडं बसलं होतं, म्हणून एवढा हादरा. यांना म्हणावं तर राग येतो, पण बसलं होतं.

खालच्या साळूबाईंना हे सहन होण्यासारखं नव्हतं. सदुसष्टच्या भूकंपात त्या आठ वर्षांच्या होत्या. आई आणि पाठचा भाऊ, दोघंही घराखाली गेले. तेव्हापासून जमीन जरा जरी हलली तरी त्या बाहेर. बारीक धक्के इथं नेहमीचेच, त्यांना आम्ही बाकीचे चहाचा कप धरून बसून राहतो. त्या राहत नाहीत. त्यांचा मुलगा विश्वजीत पॉवरहाउसला शिफ्टवर असतो, म्हणजे संध्याकाळी घरात त्या एकट्याच.

त्या दिवशी हे ओल्या अंगानं खाली गेले. मीही मागोमाग.

"आक्का, चुकलं माझं. उद्यापास्नं बंद."

"पर का करतुयास ह्ये? वय काय तुजं?"

यांनी खाली मान घालून टेम्पोचं सगळं सांगितलं. साळूबाईंनी पदरानं डोकं पुसत ऐकून घेतलं.

"क्रेटात बसवलं तुला?"

"क्रेटावर, आक्का."

"एकच ते," त्या म्हणाल्या. "कर बाबा तू. पन आदी सांगत जा."

झालं, मी भोंगा झाले. रोज संध्याकाळी साडेसहाला पीठ लागल्या हातानं गॅलरीत जायचं आणि ओरडायचं, "साळूबाई, पहिला!" डाव संपून दमाची तीन मिनिटं गेली की "साळूबाई, दुसरा!" चार दिवसांनी सगळी चाळ माझ्यावर हसायला लागली. आठवड्याभरानं साळूबाईच म्हणाल्या, "वरडू नगंस. मला कळतंय आता."

त्यांना नको इतकं कळायला लागलं. यांनी चाक फिरवलं की खाली त्यांचं ताटाळं वाजायचं, आणि त्या वाजण्यावरून त्या यांचा जोर ओळखायच्या. जरा पाय ढिले पडले की खालून काठीनं छताला ठोकायच्या. एकदा दोनदा ठोकूनही भागलं नाही तर जिन्याशी येऊन ओरडायच्या, "केरबा, झोपलास काय रं?"

"आक्का, गुडघा..." असं हे धापा टाकत काहीतरी म्हणायचे.

"गुडघा टेम्पोत घाल."

सकाळी नळावर भेटल्या की हिशेब तयार. "काल तिसऱ्याला ढिला पडला तुजा नवरा. माजी ताटं निम्म्यातच गप झाली." मला खरं सांगायचं तर फार बरं वाटायचं. यांना शिस्त लावणारं कुणीतरी भेटलं म्हणून, आणि संध्याकाळ झाली की साळूबाई दाराकडं तोंड करून बसायच्या त्या आता चुलीकडं तोंड करून बसायला लागल्या म्हणून.

ऑगस्टच्या शेवटाला ते झालं. चार डाव संपले होते. हे फरशीवर उताणे, तोंडावर ओला टॉवेल. मी भाकरी उलटत होते आणि तवा सरकला. मग भिंत हलली, फळीवरचे डबे एकमेकांवर आपटले. यांनी तोंडावरचा टॉवेल काढला आणि माझ्याकडं बघितलं. सायकल स्वस्थ उभी होती.

आम्ही जिन्यावर पोचेपर्यंत हलायचं थांबलंसुद्धा. सगळी चाळ अंगणात. साळूबाई तेवढ्या नव्हत्या.

आम्ही दोघं धावत त्यांच्या दारात गेलो. त्या सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आसं पायजे. आज खरा जोर लावलास बग, केरबा. लई ब्येस."

जवळजवळ साठ वर्षांत खऱ्या धक्क्याला ही बाई पहिल्यांदा घरात बसून राहिली होती. मी यांचा हात दाबला. गप्प बसा, असं. पण आमच्या माणसाला गप्प बसणं कधी जमलंय?

"आक्का," हे म्हणाले, "त्यो मी न्हवतो."

सुपातला हात थांबला.

"मी पडलो हुतो खाली. दम खात हुतो. खोटं कशाला बोलू? उद्या मोटा आला आन् तुमी आशाच बसून ऱ्हायला तर?"

साळूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, जमिनीवर हात टेकून उठल्या, चपला घातल्या आणि अंगणात गेल्या. एव्हाना लोक आपापल्या घरात परतले होते. टीव्ही परत सुरू झाले होते. भर पावसात त्या एकट्याच, जिथं नेहमी उभ्या राहतात तिथं उभ्या राहिल्या. हे बनियनवर त्यांच्या शेजारी. मी छत्री आणून दोघांवर धरली, तर निम्मी मीच भिजले.

मग यांनीच म्हटलं, "उद्यापास्नं रोलर बंद, आक्का. आता न्हाई करत. टेम्पो तर टेम्पो."

साळूबाईंनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"तुजं पाच झालं का आज?"

"चार झालं."

"मग जा. पाचवा राहिलाय. मी हितं हाय."

"आवं, आक्का..."

"जा म्हटलं न्हवं."

हे गेले. वर खिडकीत यांचं डोकं खालीवर व्हायला लागलं. चाकाचा आवाज आला, मग आतून साळूबाईंच्या ताटाळ्याचा. साळूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. नखं रुतली, तरी मी सोडवून घेतलं नाही. चार मिनिटं पुरी होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच पावसात उभ्या होतो.