तीन दिवस आधी

डॉक्टर गेले आणि एंगेलबर्ट म्हणाला, "झेन्झी, नाताळ बघेन मी. पुढचं सांगता येत नाही. विगीलला एकदा माझी वाइन प्यायला लाव."

नवऱ्यानं मरताना मागितलं ते एवढंच, आणि नेमकं तेच माझ्या हातात नव्हतं.

विगील माझा धाकटा दीर. आमच्या डोंगरात शेताचे तुकडे करत नाहीत. थोरल्याला सगळं मिळतं, धाकट्यानं एखादा धंदा शिकायचा. विगील सुतार झाला, कधी कुरकुरला नाही. पण बावीस वर्षांपूर्वी एंगेलबर्टनं वरच्या उतारावरचा, बापाच्या हातचा काळ्या द्राक्षांचा मांडव उपटला आणि तिथं तारांवर पांढरी द्राक्षं चढवली, तेव्हा हा पेटला. "तू बापालाच उपटलंस, दादा! तुझ्या त्या पांढऱ्या पाण्याचा थेंब माझ्या जिभेला लागणार नाही!" भर अंगणात बोलला. आणि बोलला ते पाळलं मेल्यानं.

ते पांढरं पाणी पुढे इटलीभरच्या हॉटेलांत गेलं. चांगली भरदार वाइन, गोडाचा लवलेश नाही, घोट गिळला तरी तोंडात रेंगाळते. बोल्झानो शहरातल्या स्पर्धेतून दोन पदकं आली, ती मी पिठाच्या डब्यामागे ठेवली. पण एंगेलबर्टला समाधान नाही. सासरे म्हणायचे, या खोऱ्यात खरी जीभ एकच, माझ्या धाकट्याची. ते ह्याच्या डोक्यात बसलेलं. "चांगली आहे म्हणायला लोकांचं काय जातं?" असं म्हणायचा.

मी त्याच दुपारी खाली विगीलच्या कारखान्यात गेले. भिंतीला चेस्टनटचे जुने खांब रचलेले दिसले. आमच्याच मांडवाचे. तेव्हा गाडीत घालून घेऊन गेला होता, बावीस वर्षांत एकाला करवत लावली नव्हती.

"लाकडं बरी जपता हो भावोजी," मी म्हटलं. "भाऊ तेवढा जपता आला नाही."

तो रंधा मारत राहिला.

"तो जातोय, विगील. ऐकू येतंय का?"

रंधा थांबला. "शब्द दिलाय मी, वहिनी."

"कुणाला दिलात? मेलेल्या वेलींना? जित्या माणसापेक्षा त्या जवळच्या झाल्या?"

त्यानं पुन्हा रंधा उचलला. मी दार आपटून निघाले. वर चढताना रडत होते, पण रागानंच जास्त.

सत्तावीस डिसेंबरला, संत योहानच्या दिवशी, आम्ही घरची वाइन चर्चमध्ये नेतो. पाद्री ती मंतरून देतात. मग जो तो शेजाऱ्याला पेला पुढे करतो आणि म्हणतो, "योहानचं प्रेम पी." तो घोट घेतला की भांडण मिटलं. उरलेली वाइन घरी आजाऱ्यासाठी ठेवतात. विगील दरवर्षी पेले भरायच्या आत बाजूच्या दारानं सटकायचा. म्हणून मी त्या वर्षी बाकावर बसलेच नाही. आशीर्वाद घेतला आणि सुरई घेऊन थेट त्या दाराशी जाऊन उभी राहिले.

"वहिनी, बाजूला व्हा."

"नाही होत." पेला भरला, त्याच्या छातीशी धरला. "योहानचं प्रेम प्या."

सगळं चर्च बघत होतं. त्यानं पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. वर तळहात झाकला आणि मला खांद्यानं बाजूला सारून बाहेर पडला. बर्फात फेकणार, मला वाटलं. पण तो आमच्या घराच्या चढाला लागला. अर्धा तास तो पुढे, मी मागे धापा टाकत. एक थेंब सांडू दिला नाही त्यानं.

एंगेलबर्टच्या खाटेशी उभा राहून म्हणाला, "तुझ्यासमोर पितो, दादा. मागे नाही." आणि प्यायला. घोट तोंडात किती वेळ धरला! एंगेलबर्ट उशीवरून मान वर काढून बघत होता.

"चांगली आहे," विगील म्हणाला.

एंगेलबर्टची मान खाली गेली. "हे सगळेच म्हणतात."

"पुरं ऐक तरी. लोभी आहेस तू. आणखी एक ऊन, आणखी एक ऊन म्हणत घड वेलीवर ठेवतोस. अंग भरतं, पण आंबटपणाची धार जाते. द्राक्षं तीन दिवस आधी काढायला हवीत."

माझ्या हातात सुरई होती, तीच घालणार होते त्याच्या डोक्यात. मरणाऱ्या माणसाला हे सांगतात? पण एंगेलबर्ट हसला. कित्येक महिन्यांनी हसला.

"तीन?"

"तीन."

"मला वाटायचंच रे. बावीस वर्षं वाटायचं. सांगणारं कुणी नव्हतं."

"होता की. खाली बसला होता." विगील खाटेशी गुडघ्यांवर बसला. त्यानं गोधडीत तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा रडला. एंगेलबर्टचा हात त्याच्या केसांत होता.

चार जानेवारीला एंगेलबर्ट गेला.

सप्टेंबरमध्ये विगील रोज सकाळी वर यायचा, एकेक मणी दातांखाली फोडायचा. एंगेलबर्ट असता तर शनिवारपर्यंत थांबला असता. आम्ही बुधवारीच घड उतरवले. ती वाइन बाटलीत यायला वर्ष लागलं, आणि त्यानंतरच्या योहानच्या दिवशी पहिला पेला मी विगीललाच दिला. त्यानं घोट तोंडात धरला, डोळे मिटले.

"दोनच दिवस पुरे होते, वहिनी," तो हळूच म्हणाला. "मी चुकलो."

"हे मला काय सांगता?" मी म्हटलं. "त्याला सांगा."

मी सुरई उचलली, आणि आम्ही दोघं चर्चमागच्या कबरींकडे त्याला सांगायला गेलो.