कुठली ओळ?

"ही बघा, नवीनच तऱ्हा," असं म्हणत साहेबांनी एक पत्र तिच्या टेबलावर टाकलं. "विचारतेय, माझी कुठली ओळ आवडली. द्या काहीतरी कळवून."

काव्यस्पर्धेच्या त्या ऑफिसात ती चार वर्षं पत्रं टाइप करत होती. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, साहेब आणि ती, एवढाच पसारा. गावोगावहून कविता यायच्या आणि प्रत्येक कवीला एकच पत्र जायचं: आपल्या हृदयस्पर्शी ओळींनी परीक्षक भारावून गेले, आपली कविता आमच्या संग्रहासाठी निवडली आहे, सोबत पुस्तकाच्या मागणीचा फॉर्म. परीक्षक कोणी नव्हतेच. पाकिटामागचा पत्ता उतरवला की पाकीट तसंच कपाटात. फॉर्म भरून आला, तरच ते फोडून छापखान्याकडे धाडायचं. लोकांना कौतुक हवं असतं, आपण ते पोस्टानं पाठवतो, यात कुणाचं काय बिघडतं, अशी ती मनाची समजूत घालायची. पण हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

पत्रात लिहिलं होतं, 'मी दवाखान्यात चादरी शिवते. शिक्षण चौथी. तुम्हाला आवडलेल्या ओळी कळवाव्या, म्हणजे बाकीच्या पण तशाच लिहायचा प्रयत्न करीन.'

तिनं कपाट धुंडाळून बाईचं पाकीट काढलं आणि फोडलं. चंद्र, चांदण्या, मखमली झुळूक. नुसता पाक. तिला हसू आलं, पण मध्येच ती अडखळली.

'ठिगळ लावते चादरीला,
कोण निजलं होतं, विचारत नाही.'

खाली पुन्हा चंद्र.

संध्याकाळी नवरा बूट पुसत बसला होता. तिनं त्याला त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. त्याचा हात थांबला.

"कोणी लिहिलंय?"

"दवाखान्यातल्या शिवणवाल्या बाईनं."

गेल्या वर्षी तो तीन आठवडे दवाखान्यात होता. "माझ्या चादरीला होतं असं ठिगळ," तो म्हणाला. "पायाकडे. दिवसभर त्याच्यावर अंगठा फिरवत पडायचो. बारीक टाके होते. वाटायचं, कुणीतरी निगुतीनं बसून केलंय."

"कधी बोलला नाहीत ते."

"त्यात काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी तिनं उत्तर टाइप केलं नाही, हातानं लिहिलं. या दोन ओळी तुमच्या आहेत, बाकीच्या कुणीही लिहील. नवऱ्याच्या अंगठ्याचंही लिहिलं. मग थोडा वेळ पेन नुसतंच हातात धरून बसली आणि शेवटी लिहिलं, 'इथे परीक्षक नाहीत. तुमची कविता कालपर्यंत कुणी वाचलेली नव्हती. पुस्तक मागवू नका.' खाली सही केली आणि पत्र स्वतः पेटीत टाकून आली.

आठ दिवसांनी फोन वाजला, तो साहेबांनी उचलला. बराच वेळ नुसतं हं हं करून त्यांनी तो ठेवला.

"तुमची शिवणवाली. पुस्तक नको म्हणाली. कविता वाचणाऱ्या ताईंशी बोलायचं होतं तिला."

"मग?"

"म्हटलं, बाहेर गेल्यात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही कधीपासून वाचायला लागलात?"

"तिनं विचारलं म्हणून."

"उद्या आणखी कुणी विचारलं तर?"

तिनं खरोखरच विचार केला. "वाचीन. आणि असेल ते कळवीन."

"मग आपलं जमायचं नाही, ताई. या कामाला वाचणारं माणूस चालत नाही." आवाजात राग नव्हता. नव्या माणसाला काम समजावून द्यावं, तसं ते सांगत होते. "मलाही होती ती खोड. सुरुवातीला."

मग तिनं विचारलं, "आज पाचपर्यंत थांबले तर चालेल?"

"कशाला?"

"कपाटातली बघते जरा."

साहेबांनी खांदे उडवले आणि ते आतल्या खोलीत गेले. तिनं स्टूल कपाटापाशी ओढलं आणि खालच्या कप्प्यापासून सुरुवात केली. पाकिटं ती पट्टीनं हलकेच फोडत होती. सातव्यातली कविता कुणा निवृत्त पहारेकऱ्याची होती, चार पानं भरून. वाईट होती. तिनं ती शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि आठवं पाकीट हातात घेतलं.