खिळ्यावरची किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे, मित्रांनो. कपडे शिवण्याच्या कारखान्यातल्या बायकांच्या संडासाची. हसू नका. तिजोरीच्या किल्लीचा तोरा मला कधीच नव्हता, पण माझ्यावाचून माणसांचं किती अडतं, ते मी पाहिलं आहे.

रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या किल्लीवाल्यानं कानशीनं घासून मला घडवलं. बायकांनीच मला करवून घेतलं होतं. बाहेरचे लोक येऊन संडास घाण करून जायचे, म्हणून त्यांनी हट्टानं कुलूप लावून घेतलं. तेव्हा मी दाराशेजारच्या खिळ्यावर असायचे. "आता कसं, पाय ठेवावासा वाटतो," असं बायका म्हणायच्या आणि मी फुशारून जायचे. दिवसभर हातोहाती फिरून मी लखलखत होते.

मग नवा सुपरवायझर आला. किल्ली हरवायला नको म्हणून त्यानं मला भलामोठा लाकडी ठोकळा बांधला आणि आपल्या टेबलामागच्या खिळ्यावर टांगलं. माझ्या खालीच पाण्याचं पिंप. आता मला न्यायचं म्हणजे आधी त्याच्यासमोर उभं राहायचं, मग तो ठोकळा मिरवत पुरुषांच्या रांगेतून चालायचं. "निघाली का स्वारी? मघाशीच तर जाऊन आलात!" तो मोठ्यानं म्हणायचा. मशिनींवरचे पुरुष दात काढायचे.

बायका भांडल्या नाहीत. त्यांनी पाणी पिणंच सोडलं.

कॉलर शिवणारी एक बाई होती. तिची नणंद तिथंच बटणं लावायची. जेवणाच्या सुट्टीत संडासापुढे एवढी रांग लागायची की निम्म्या जणी तशाच मशिनीवर परतायच्या. या दोघी तेव्हा पिंपापाशी बोलत उभ्या राहायच्या.

"वहिनी, घोटभर तरी प्या हो."

"नको गं बाई. पाणी प्यायलं की त्या मेल्यापुढे उभं राहावं लागतं. घरी गेल्यावर पिईन."

एके दिवशी वहिनीनं मला उचलून नेलं. परत आली ती डोळे पुसत. "लघवीला नुसती आग होतेय गं. सारखं जावंसं वाटतं आणि होतं थेंबभर," ती नणंदेला म्हणाली. नणंदेनं तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी लघवी तपासून जंतुसंसर्ग झाल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं, की भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका, बरं वाटलं तरी गोळ्या शेवटपर्यंत घ्या. पिंपापाशी त्यांच्या बोलण्यातून हे ऐकून मला वाटलं, सुटली बिचारी.

पण आग थांबली तशी तिनं गोळ्याही थांबवल्या. या बायकांची एक रीत होती. उरलेल्या गोळ्या टाकायच्या नाहीत, जिला त्रास होईल तिला द्यायच्या. सगळं मायेपोटीच. तिनं अर्धं पाकीट नणंदेच्या हातावर ठेवलं. "तुलाही जळजळतंय ना? घे. उगाच खाडा कशाला करतेस?"

अर्ध्या गोळ्यांवर नणंदेचं कसंबसं निभावलं. वहिनीचं निभावलं नाही. काही दिवसांनी ती कंबर धरून टेबलापाशी आली. अंगात फणफणता ताप, हुडहुडी भरलेली, ओकारी आवरत नव्हती. "आता परत?" सुपरवायझर म्हणाला. पिंपाला टेकून ती खाली बसली.

तिला दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता. मूत्रपिंडांतले जंतू रक्तात भिनले होते. ती गेली.

आता कॉलरच्या मशिनीवर नणंद बसते. सुपरवायझर हल्ली काही बोलत नाही. पण खिळाही हलवत नाही.

मित्रांनो, तहान लागली तर पाणी प्या. लघवी रोखू नका. आग झाली तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, वाटूनही टाकू नका. पाठीत कळ आणि थंडी वाजून ताप आला, तर एक दिवसही थांबू नका. हे मी त्या बायकांना कसं सांगू? आता मला फारसं कोणी हातात घेत नाही. माझ्या अंगावर गंज चढला आहे.

काल नणंदेनं पिंपातून पेला भरला. ओठांशी नेला. माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी मोरीत ओतून दिलं.

कोणीतरी मला इथून काढा. दाराशेजारी नेऊन टांगा.