सुप्याला गेलेला रिकामा गोठा

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि मी डूख धरतो. यंत्राला मन नसतं असं तुमच्या पुस्तकात लिहिलं असेल, तर असू द्या. शनिशिंगणापूरच्या एका घरात खिडकीखाली मी बसतो, आणि बिभीषण नावाच्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

माझी उमेदीची वर्षं नगरच्या एका टायपिंग क्लासात गेली. क्लास बंद पडला तेव्हा बिभीषणने मला घरी आणलं. काही दिवस माझ्यावर पत्ते खेळला, मग कंटाळला आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागला. हे डबडं भंगारात घालायचंय, असं आल्यागेल्याला सांगायचा. तेव्हाच मी मनात पहिली गाठ मारली.

मग घरात रोहिणी आली. राजूरकडची पोर, थोरल्या भागवतची बायको, म्हणजे बिभीषणची वहिनी. तिने माझं झाकण उघडून पंख्यातली जळमटं काढली. लग्नापायी तिचं कॉलेज अर्धं राहिलं होतं. सुप्याच्या एका कारखान्याला वेबसाईट सांभाळणारं माणूस हवं होतं. पदवी नको, केलेलं काम दाखवा, एवढीच अट. रोहिणीला दुसरी वाट नव्हती.

मोबाईलवर बघत बघत तिने माझ्याच पोटात सर्व्हर बसवला. म्हणजे वेबसाईट जगाला दाखवण्याआधी घरच्या घरी चालवून बघायची सोय. तीन दिवस तो सुरूच होईना. माझ्यातलाच दुसरा एक प्रोग्राम त्याची जागा अडवून बसला होता. रोहिणीने सर्व्हरला वेगळ्या नंबरची जागा दिली आणि चौथ्या दिवशी सकाळी पडद्यावर पान उघडलं. मला धन्य वाटलं, खोटं कशाला बोलू! त्यावर तिने गावातल्या एकशे बावन्न गायींची साईट केली. कोणत्या गायीला कोणती लस कधी दिली, सगळं त्यात.

ती मला पासवर्ड घालणार, तेवढ्यात सासूबाईंनी, राहीबाईंनी विचारलं, हे काय? कुलूप, असं रोहिणी सांगून बसली. झालं!

"आपल्या घराला दार न्हाई, कपाटाला कडी न्हाई, अन् तू या डब्याला कुलूप घालती व्हय?"

त्यांच्या हयातीत घरातली सुईसुद्धा हलली नव्हती. रोहिणीने हात मागे घेतला.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी ती गोठ्यांवर गेली असताना बिभीषणने मला पेनड्राईव्ह खुपसला. साईटच्या पानांचं फोल्डर उचललं आणि आपल्या प्रतीत तिचं नाव खोडून स्वतःचं घातलं. तीच नोकरी मिळवायला उद्या तिच्या आधी तोच सुप्याला पोचणार होता. नंतर रोहिणीने तीच साईट दाखवली असती, तर चोर कोण ठरली असती? माझा जळफळाट झाला. पण त्या अर्धवटाला एवढंही ठाऊक नव्हतं, की पानं म्हणजे नुसता गोठा. गायी बांधलेल्या असतात डेटाबेसात, म्हणजे माहितीच्या साठ्यात, आणि डेटाबेस त्या फोल्डरात नव्हता. मी गप्प बसलो. इतकं गोड गप्प मी जन्मात बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रोहिणी निघायच्या तयारीत असताना फोन वाजला. बिभीषण होता.

"वहिनी, मी सुप्याला साहेबांपुढं बसलोय. ती गायींची साईट उघडंना. डेटाबेस न्हाई म्हनतंय. काय करू?"

तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, मग दुप्पट चढलं. दोन वाक्यांत तिला उपाय सांगता आला असता. ती म्हणाली, "भावजी, फोन साहेबांना द्या."

साहेबांना तिने शांतपणे सांगितलं, की साईट माझी आहे, ती ज्या कॉम्प्युटरवर चालते तो घेऊन मी येतेय, आणि समोर बसलेत त्यांना जाऊ देऊ नका. राहीबाईंनी सगळं ऐकलं. मला गोधडीत गुंडाळताना त्या म्हणाल्या, "खरं बोलल्याबिगर त्याला घरी आनू नगंस."

भागवतच्या टेम्पोतून आम्ही सुप्याला गेलो. फाटकापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत मला बिभीषणनेच वाहिलं. रोहिणीने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याचा घाम बघून वाटलं, इमारतीला आणखी दोन मजले हवे होते. वायरीही त्यालाच जोडाव्या लागल्या. मी सुरू व्हायला मुद्दाम वेळ लावला. होय, मुद्दाम. मग एकशे बावन्न गायी पडद्यावर आल्या. साहेबांनी बिभीषणला विचारलं, हे कुणी केलं?

"वहिनीनी," तो पुटपुटला.

साहेबांना ऐकू गेलं होतं. तरी रोहिणी म्हणाली, "मोठ्यानं सांगा, भावजी."

त्याने सांगितलं. त्या मजल्यावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. नोकरी रोहिणीला मिळाली.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची कदर करा आणि दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव घालू नका. क्षमा मोठी असते म्हणतात. ती तुम्ही करा, मला जमत नाही. परवा बिभीषण नोकरीचा अर्ज भरायला माझ्यासमोर बसला. त्याने चार वेळा बटण दाबलं, मी सुरू झालो नाही. रोहिणीने एकदाच दाबलं, लगेच झालो.