उष्टा न केलेला ग्लास

चाळीस वर्षं मी मठात स्वयंपाक केला आणि एकदाही त्याची चव घेतली नाही. देवाला दाखवायच्या आधी चाखलं की ते उष्टं झालं, नैवेद्यातून बाद. मग मीठ कसं कळतं, असं जो तो विचारतो. वाफेवरून कळतं. उकळत्या रसमवर नाक धरलं की मीठ कमी, चिंच जास्त, डाळ कच्ची, सगळं वाफच सांगते. कुंभकोणमात माझ्या नाकाचं नाव होतं आणि मी ते जरा वर करूनच चालत असे, हे कबूल करतो.

आता सत्तरी जवळ आली. मठातून निवृत्त झालो, पण घरी बसून बायकोच्या आमटीत खोड्या काढण्यापेक्षा शनिवार-रविवार इन्नंबूरकडच्या एका रिसॉर्टात केळीच्या पानावरचं जेवण रांधतो. त्याच रिसॉर्टात माझी मुलगी कीर्ति नोकरीला आहे. बारमध्ये. दारू ढवळते. समाजात मी 'पोरगी सरबताच्या खात्यात आहे' असं सांगून ठेवलं होतं. हनुमंतरावांना तर मुद्दाम सांगितलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या तंजावर मुलखात राहून जुनी बोली जपलेल्या आम्हा मराठी लोकांच्या संघाचे ते चिटणीस. त्यांच्या कानात घातलं की गावभर वेगळं सांगावं लागत नाही.

त्या आठवड्यात कीर्ति स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आली, हात बांधून उभी राहिली.

"अप्पा, शनिवारी बेंगळुरूचे साहेब येणार. बारचं मुख्य कोण म्हणून ठरवणार. मी, नाहीतर चेन्नैचा बाला."

"मला कशास सांगतेस?"

"मला दिलं नाही तर मी गोव्यास जाणार. चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली केलं, पुरे झालं."

मी चुलीत लाकूड सारलं. एकुलती एक पोर गोव्याला जायला निघाली होती, पण दारूच्या गोष्टीत बापानं काय बोलायचं? तरी तोंडून गेलंच, "काय करायस सांगटलं अहे?"

तिनं सांगितलं. नेग्रोनी नावाचं एक जुनं इटालियन पेय आहे. जिन, गोड मसाल्याची वाइन आणि लाल कडू दारू, तिन्ही सारखी. साहेबांना त्यात जिनच्या जागी मेझ्काल हवी होती. मेझ्काल मेक्सिकोची. आपल्या घायपातीच्या जातीच्या झाडाचा गड्डा जमिनीत खड्डा करून निखाऱ्यावर भाजतात, त्याची काढतात, म्हणून तिला धुराचा वास.

"लाकूड कोणचं?" मी विचारलं.

कीर्ति हसली. मी चिडलो आणि तिला हाकलून दिलं. जाताना पोरीनं माझ्या टोपलीतलं एक नारत्तंगाय उचलून नेलं. जाड सालीचं हे कडसर लिंबू मी लोणच्यासाठी ठेवलं होतं.

शनिवारी दुपारी पानं मांडून झाली. जेवणाची जागा आणि बार यांच्यामध्ये भिंत नाही, नुसता लाकडी कठडा. रसम चुलीवर ठेवलं आणि वाढण्याच्या निमित्तानं मी खांबाआड उभा राहिलो. पाहतो तर पहिल्याच पंक्तीत हनुमंतराव, व्याह्यांना घेऊन जेवायला आलेले! मी पदराआड लपणाऱ्या नवरीसारखा आणखी मागे सरकलो.

साहेबांचं नाव हेमंत. मूळचा पुण्याचा. इथे कोणी मराठी बोलतं याचंच त्याला भारी कौतुक वाटत होतं. कीर्तिचं बोलणं ऐकून म्हणाला, "अगं, तू तर शिवकालातून उठून आल्यासारखी बोलतेस!" हसला, पण माणूस वाईट नव्हता.

आधी बालानं केलं. ग्लासवर काचेचं झाकण, आत धूर, मोठी करामत. मग नळी बुडवून, वर बोट दाबून थेंबभर चाखलं, मान डोलावली आणि ग्लास पुढे सरकवला. ही या धंद्यातली रीत. प्रत्येक ग्लास देण्याआधी चाखायचा.

मग कीर्ति. तिनं धूरबिर काही केला नाही. तिन्ही बाटल्यांतून बर्फावर ओतलं, मेझ्काल मात्र इतर दोन्हींपेक्षा किंचित कमी. लांब चमच्यानं ढवळायला लागली आणि मी खांब घट्ट धरला. चमचा कडेला लागून फिरतो, आवाज नाही, मनगट हलतं पण कोपर हलत नाही. पायसम असंच ढवळायचं असतं. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी चुलीपाशी बसून तिनं पाहिलं असणार. शेवटी नारत्तंगायच्या सालीचा एक तुकडा ग्लासवर पिळला. नुसता सालीचा तुषार, रस नाही. नंतर तळहात ग्लासवर धरला, काढला, नाक खाली नेलं आणि ग्लास साहेबांपुढे ठेवला.

"नळी?" हेमंतनं विचारलं.

"नाही घेटलं."

"चाखलं नाहीस? मग बरोबर झालंय हे तुला कसं कळलं?"

"वासावरून कळतं, सर. समोरच्यास द्यायचं उष्टं करायची सवय मला नाही."

"बरोबर झालंय याची खात्री मी कशावर ठेवू? असं कोणी शिकवलं तुला?"

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर पंक्तीत बसलेल्या हनुमंतरावांवर गेली आणि तोंड मिटलं. "कोणी नाही, सर," ती म्हणाली आणि मान खाली घातली.

माझ्या लक्षात आलं. माझं सरबताचं खोटं सांभाळायला पोरगी स्वतःची जागा घालवत होती. मला स्वतःची अशी लाज वाटली की काय सांगू. हातात पळी होती, तशीच घेऊन मी कठडा ओलांडला.

"मी शिकिवलं," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "मी तिचा बाप. इथला आचारी. चाळीस वर्षं नैवेद्य केला, जिभेस लावला नाही."

पंक्तीतले हात थांबले. हेमंत माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, परीक्षा घेतली तर चालेल?"

तो स्वतः बारमागे गेला. आमच्याकडे पाठ करून दोन ग्लास तयार केले, दोन्ही नळीनं चाखले आणि पुढे ठेवले. "एकात कडू जास्त आहे. थोडंसंच. कुठल्यात?"

आधी मीच वाकलो. खुमखुमी, दुसरं काय! आणि माझ्या नाकाला काही म्हणजे काही कळलं नाही. नुसता गारवा. मला आयुष्यभर वाफेची सवय, इथे बर्फानं सगळा वास दाबून टाकलेला. चाळीस वर्षांचं नाक एका ग्लासानं जमिनीवर आणलं. मी बाजूला झालो आणि तिच्याकडे पाहिलं. आता माझ्यामुळेच पोरगी बुडते की काय, ही भीती.

कीर्तिनं ग्लास एकेक करून दोन्ही तळव्यांत धरला, ऊब दिली, हलकेच फिरवला, मग वास घेतला.

"डावीकडच्यात कडू जास्त," ती म्हणाली. "पण सर, दोन्हींत वाइन उतरली अहे. तुम्ही फळीवरची बाटली घेटली की? ती उघडून बरेच दिवस झाले असणार. मी फ्रिजमधली घेते."

"शक्यच नाही. मी आत्ता चाखलंय," हेमंत म्हणाला. "डावं बरोबर सांगितलंस. पण वाइन ठीक आहे."

"कडू आणि धूर जिभेस झाकून टाकतात, सर. बाटलीचा वास पाहा."

त्यानं फळीवरची बाटली उघडली, नाकाशी नेली आणि पुन्हा नेली. मग फ्रिजमधली काढली, तिचाही वास घेतला. फळीवरची बाजूला सारली. मग कीर्तिनं आधी केलेला ग्लास उचलला, नळीशिवाय सरळ तोंडाला लावला, आणि एक घोट घेऊन डोळे मिटले.

"आधी लिंबू येतं, मग कडू," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आणि गिळल्यावर मागून धूर." सगळा ग्लास संपवूनच त्यानं खाली ठेवला. "बाला, तुझंही छान होतं. पण सोमवारपासून बार हिचा. हा ग्लास यादीत जाईल, हिच्या नावानं. काका, खाण तशी माती."

"नाही," मी म्हटलं, "शेरास सव्वाशेर. मला वाफ लागते. हिला बर्फ असला तरी चालतं."

मी वळलो तर हनुमंतराव पानावरून उठून कठड्यापाशी आलेले.

"सुब्रह्मण्यराव, सरबत म्हणून सांगटलंत की?"

"खोटं सांगटलं. दारू करत्ये," मी म्हटलं. "पण आजवर एक ग्लास उष्टा वाढला नाही. संघात सगळ्यांस सांगा. हेही सांगायस विसरू नका."

हनुमंतरावांनी कीर्तिकडे पाहिलं, मग माझ्या पळीकडे. "सरी, बरं तर, सांगतों," ते म्हणाले. "रसम केव्हा येणार?"

रसम! मी धावतच आत गेलो. पातेलं उकळत होतं. कीर्ति माझ्या मागे आली, डोळे पुसत. चाळीस वर्षांत माझ्या रसमवर मी कोणाला वाकू दिलं नव्हतं, बायकोलाही नाही. मी झाकण काढलं आणि बाजूला झालो.

"पाहा," मी म्हटलं.

ती वाकली. एकदाच वास घेतला.

"अप्पा," ती म्हणाली, "मीठ घातलंच नाही."

खरंच घातलं नव्हतं. मी मिठाचं भांडं तिच्या हातात दिलं.